आधी पाठ, मग धार

हातानं वस्तरा घडवायची हौस ज्यांना आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं असं की भट्टी लावू नका. निदान नागपूरच्या जरीपटक्यात तरी नको. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, गच्चीवर एका बाजूला कूलर आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले पापड. त्या पापडांवर कोळशाची काजळी बसली की तुमची कारागिरी तिथंच आटोपली. शेजाऱ्यांचा विचार बाजूला ठेवला तरी वस्तऱ्याला भट्टी आणि ऐरण लागतच नाही. सपाट, सरळ, घटक माहीत असलेली पोलादी पट्टी बाजारात मिळते. ती कापायची, घासायची आणि पाणी देऊन आणायची. घणाखाली पट्टी वाढवण्यात मजा आहे, हे मान्य. पण त्यानं वस्तरा अधिक चांगला होत नाही, उलट नवशिक्याच्या हातून पोलाद जादा तापून त्याचा कण मोठा होतो आणि धार पुढे चुरचुरत राहते.

वाचलेले कष्ट पाठीवर खर्च करा. चाकूला धार लावताना कोन आपण मनगटानं सांभाळतो. वस्तऱ्याचं तसं नाही. पातं दगडावर आडवं टाकलं की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी कागदावर लिहिलीत, की धारेचा कोन तिथंच ठरून गेला. पुढे वर्षानुवर्षं दगडावर घासलं तरी पाठ आणि धार जोडीनं झिजतात, त्यामुळे कोन फारसा हलत नाही. हा कोन साधारण 16 ते 17 अंशांचा असावा. फार कमी झाला तर राठ दाढीपुढे धार मोडते, 20 च्या पुढे गेला तर वस्तरा कापण्याऐवजी ओढतो.

हिशेब सोपा आहे. रुंदीला 0.29 नं गुणलं की पाठीची जाडी मिळते. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगायची जुनी रीत आहे. 6/8 म्हणजे 19 मिलिमीटर, त्याला साडेपाच मिलिमीटरची पाठ. 5/8 म्हणजे 16 मिलिमीटर, त्याला 4.6. आणि 7/8 च्या, म्हणजे 22 मिलिमीटरच्या रुंद पात्याला जवळजवळ 6.4 मिलिमीटरची पाठ लागते. ती 6 मिलिमीटरच्या पट्टीतून निघणारच नाही. म्हणून पहिला वस्तरा 6/8 चा करा. घासण्यात अर्धा मिलिमीटर गेला तरी मापात राहता. हे वाचून होण्याआधी जुन्या बाजारातून एखादा गंजका, मूठ तुटलेला वस्तरा पैदा करा आणि व्हर्निअर कॅलिपर लावून त्याची पाठ, रुंदी, शेपटाची जाडी मोजा. तो दाढीच्या कामाचा नसला तरी चालेल. हातात धरून मोजलेलं पातं दहा आकृत्यांपेक्षा जास्त शिकवतं.

पोलादाबाबत आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे: ट्रकच्या कमानीचा पाटा म्हणजे सगळ्यांत भारी लोखंड. कोयत्याला, कुऱ्हाडीला तो उत्तमच आहे, कारण झटका सोसणं हा त्याचा गुण. त्यात कार्बन 0.6 टक्क्याच्या आसपास असतो. वस्तऱ्याला झटके बसत नाहीत. त्याला अतिशय बारीक धार टिकवणारा कठीणपणा हवा, आणि त्यासाठी कार्बन 0.9 ते 1 टक्का असलेलं पोलाद बरं. इतवारीतल्या पोलादाच्या व्यापाऱ्याकडे किंवा हिंगणा एमआयडीसीत डाय-पंच बनवणाऱ्याकडे ‘ओएचएनएस’ची पट्टी मागा. तेलात पाणी घेणारं, आकार फारसा न बदलणारं हे हत्यारी पोलाद आहे, परदेशी पुस्तकांत ते ओ-वन नावानं भेटतं. बेअरिंगचं ईएन-31 हेही चालतं, पण त्यात क्रोमियम जास्त असल्यानं उष्णतेचं गणित थोडं वेगळं बसतं. पहिल्या खेपेला नको. भंगारातली जुनी कानस वापरायचा मोह होईल. काही कानशी आतून मऊ आणि फक्त वरच्या थरात कठीण असतात, ते कापल्याशिवाय कळत नाही. चार पैसे वाचवायला पंधरा दिवसांची मेहनत पणाला लावू नका. या सगळ्या उद्योगात पोलाद हीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे, महाग पडतात ते घासायचे पट्टे आणि दगड.

जुन्या इंग्रजी वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असा शिक्का दिसतो आणि विकणारा लगेच चांदीचा भाव सांगू लागतो. 1820 च्या सुमाराला लंडनमध्ये मायकेल फॅरडे आणि जेम्स स्टोडार्ट या हत्यारकारानं आपल्याकडच्या वूट्झ पोलादाचा अभ्यास करता करता पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं होतं. त्या प्रयोगांची कीर्ती झाली आणि शेफिल्डच्या कारखानदारांनी नाव उचललं. चांदी मात्र त्या पात्यांत नावापुरतीच, बहुधा तीही नाही. शिक्का पाहून पैसे मोजू नका, पाठ मोजा.

आता प्रत्यक्ष काम. पुठ्ठ्याचा साचा कापून पट्टीवर ठेवा आणि टोकदार सुईनं रेघ ओढा. पातं साधारण 75 मिलिमीटर, त्यामागे बोट टेकायचं शेपूट धरून एकूण लांबी 150 ते 160. हॅक्सॉनं बाहेरचा आकार काढा, कानशीनं रेघेपर्यंत या. मुठीच्या खिळ्याचं भोक आत्ताच पाडायचं. पाणी दिल्यावर साधं ड्रिल त्या पोलादात शिरत नाही. भोक तुमच्या पितळी तारेपेक्षा केसभर मोठं, जास्त नाही. पुढच्या टोकाचा आकारही आताच ठरवा. चौकोनी टोक मिशीच्या कडेला नेमकं काम करतं, पण शिकणाऱ्याचा कान आणि नाकपुडी तेच टोक कापतं. पहिल्या वस्तऱ्याला गोल टोक.

मग पात्याचा पोकळ उतार. याची खोली ग्राइंडरच्या चाकाच्या व्यासावर ठरते आणि ती आधी काढता येते. 8 इंची चाकावर 19 मिलिमीटरच्या पात्याला प्रत्येक बाजूनं अर्ध्या मिलिमीटरहून कमी खोलगटपणा येतो. 3 इंची चाकावर तोच जवळपास सव्वा मिलिमीटर होतो. उताराच्या मध्यावर पातं मुळात जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाड असतं. दोन्हीकडून सव्वा-सव्वा गेलं की मधे कागदासारखा पापुद्रा उरला. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी हेच पातळ, नखानं टिचकी मारल्यावर वाजणारं पातं नावारूपाला आणलं, आणि ते घासणं हा तिथं स्वतंत्र व्यवसाय होता. तुम्ही 8 इंची चाकानं सुरुवात करा. पातं जरा जड होईल. जड पातं राठ दाढीत स्वतःच्या वजनानं चालतं, हा त्याचा गुणच म्हणा.

पाणी देण्यापूर्वी धार काढायची नाही. धारेकडची कड जवळपास एक मिलिमीटर जाड ठेवा. पातळ कड तेलात बुडताच वेडीवाकडी होते किंवा तडकते. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, हे या टप्प्यावर काचेच्या जाड तुकड्यावर पाहा. पाठीला मार्करची शाई लावायची, काचेवर बारीक काचपेपर पसरायचा आणि पातं एकदा फिरवायचं. शाई जिथं उरली तिथं खड्डा आहे. इथं आळस केला तर तो पुढे दगडावर व्याजासकट वसूल होतो.

पाणी देणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग, आणि इथं आपल्या जिल्ह्याची एक आठवण काढल्यावाचून राहवत नाही. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला 1978 ते 1980 या काळात झालेल्या उत्खननात महापाषाण युगातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. ते लोक मातीच्या भट्टीत, डोळ्यांच्या अंदाजानं तापमान सांभाळत होते. पण लोखंड गाळताना अंदाजाला जेवढी सूट असते तेवढी ओएचएनएसला नाही. ते 800 अंशांच्या आसपास, फार तर 815 पर्यंत तापवून तिथंच काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, तेव्हा कुठे कार्बन सगळीकडे विरघळतो. चुंबक चिकटेनासं झालं की पोलाद तयार, असं लोक सांगतात. चुंबकाची ओढ 770 अंशांनाच जाते. ती फक्त दाराची खूण आहे, अजून आत जायचं असतं. डोळ्यानं 770 आणि 810 यांतला फरक दुपारच्या उजेडात दिसत नाही. मे महिन्यात गच्चीवर तर नाहीच.

म्हणून हे काम बाहेर करून घ्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंगणा एमआयडीसीत डाय आणि सुटे भाग कडक करून देणारे व्यावसायिक आहेत. एकट्या पात्यासाठी कोणी भट्टी पेटवणार नाही. चार-सहा पाती जमवा आणि त्यांच्या ओएचएनएसच्या खेपेत टाकायला सांगा. सांगायच्या गोष्टी इतक्याच: पाती भोकातून तार ओवून उभी टांगावीत, आडवी ठेवू नयेत. शक्य असेल तर मिठाच्या किंवा निर्वात भट्टीत व्हावं, म्हणजे वरच्या थरातला कार्बन जळत नाही. पाणी दिल्यावर पाती तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत पडू देऊ नयेत. लगेच 200 अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. शेवटी रॉकवेल सी मापावर 61 ते 62 कठीणपणा हवा. ही शेवटची दोन वाक्यं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं तिथल्या गर्दीत हरवतं. पातं हाती आल्यावर शेपटाच्या कडेला कानस फिरवून पाहा. कानस न कापता घसरली तर काम झालं. दोनदा तापवण्याचा टप्पा घरच्या ओटीजी ओव्हनमध्येही करता येतो, पण त्याच्या बटणावरचे आकडे खरे मानू नका. आत वाळूचा तवा आणि त्यात वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट गव्हाळ रंग चढला पाहिजे. जांभळा किंवा निळा दिसला तर पातं मऊ पडलं, ते पुन्हा भट्टीत.

यापुढे सगळं घासणं ओल्यानं आणि उघड्या बोटांनी. हातमोजे घातले तर पातं किती तापलं ते कळत नाही, शिवाय फिरता पट्टा हातमोजा ओढून नेतो. प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला म्हणजे कडेला त्याहून बरंच जास्त तापलं आहे. नवा पट्टा वापरा, झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. कड हळूहळू 0.2 मिलिमीटरच्या आत आणायची. डोळ्यांवर गॉगल आणि नाकाला चांगला मास्क, फडकं नव्हे. आणि वेळ सांभाळा. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार वस्ती कूलरसमोर झोपलेली असते. ग्राइंडर सकाळी दहानंतर लावा आणि दोनच्या आत बंद करा, म्हणजे पोलादही वाचेल आणि संबंधही.

मुठीबाबत विदर्भात राहणारा माणूस नशीबवान. परदेशातले कारागीर ज्या एबनीसाठी पैसे मोजतात त्याच कुळातला तेंदू आपल्या जंगलात आहे. पानं विडीला जातात, पण जुन्या झाडाच्या गाभ्यातलं काळं लाकूड मुठीला अप्रतिम. शिसव आहे, आलापल्लीकडचा सागवान आहे. लाकूड वखारीतून, पावतीनं घ्या. रानातून तोडून आणलेलं नको. शिसवीची मूठ परदेशी पाठवायची तर त्या प्रजातीच्या निर्यातीला परवान्याचे नियम आहेत, ते आधी पाहा. कापलेल्या फळ्या एक पावसाळा घरात पडू द्या. नागपूरचा मे आणि नागपूरचा ऑगस्ट या दोन वेगळ्या गावांच्या हवा आहेत. एप्रिलच्या कोरड्यात घट्ट बसवलेली मूठ जुलैत फुगते, वाकते आणि मिटताना धार लाकडाला लागते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या 3 मिलिमीटरच्या ठेवा, मागच्या टोकाला दोन्हींच्या मधे निमुळती पाचर घाला. जुन्या मुठींत ती शिशाची असे. शिसं विषारी आहे, वर्षानुवर्षं हातात राहणाऱ्या वस्तूत ते कशाला? पितळ किंवा लाकूड पुरेसं आहे.

खिळा पितळी तारेचा, दोन्ही बाजूंना छोटी चकती. गोल डोक्याच्या लहान हातोडीनं हलके, पुष्कळ ठोके द्या. जोराचा एक ठोका लाकूड चिरतो. किती आवळायचं याचा निकष न्हाव्यांकडून घ्यावा. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या काकांच्या धोकटीत बापाच्या वेळचा वस्तरा आहे. खिळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “उघडताना लोण्यासारखा उघडला पायजे भाऊ, अन् जिथं सोडला तिथंच थांबला पायजे. डुलला म्हंजे गेला.” पातं मिटलं की दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उतरलं पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर पाचर तिरकी आहे, खिळा नव्हे. लोक उगाच खिळा ठोकत बसतात.

मुठीला चमक आणायला जवसाचं तेल उत्तम, पण उकळवलेलं, रंगाच्या दुकानात मिळणारं. कच्चं तेल सुकायला दिवसचे दिवस घेतं. तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या पोटात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटते. 45 अंशांच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.

धार लावायला पाण्याचे दगड क्रमानं: 1000, 4000 किंवा 5000, 8000, आणि शेवटी 12000. सगळं खरं काम 1000 च्या दगडावर होतं. धारेला दोन्ही बाजूंनी टोकापासून टाचेपर्यंत अखंड पट्टी दिसेपर्यंत पुढचा दगड उघडायचाच नाही. पुढचे दगड फक्त आधीचे ओरखडे पुसतात. दगड मधे खोलगट झाला की धारही वाकते, म्हणून तो वरचेवर काचेवरच्या काचपेपरवर सपाट करून घ्या. पाठीची नक्षी किंवा चकाकी जपायची असेल तर तिला इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक थर लावतात. त्यानं कोन सुमारे एका अंशानं वाढतो. एकदा पट्टी लावून धार काढली तर पुढेही पट्टी लावूनच काढायची, आज लावली उद्या नाही असं नको.

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे. परतताना पातं पाठीवरून उलटवा. धारेवरून उलटवलं की पट्टाही कापला आणि धारही गेली. जुने न्हावी शेवटचे दोन हात तळहातावर मारत. ते पाहायला छान वाटतं, तुम्ही करू नका. पन्नास-साठ फेऱ्यांनंतर एका हातात केस लोंबता धरून धारेवर टेकवा. न ओढता तुटला तर चेहऱ्यावर लावून पाहा, त्वचेशी साधारण 30 अंशांनी, आधी फक्त गालावर. हनुवटी नंतर.

आता दुसऱ्यासाठी वस्तरा करायचा असेल तेव्हा. मापाचा वस्तरा म्हणजे मुठीवर नाव कोरणं, असं बहुतेकांना वाटतं. विचारायचं ते वेगळंच असतं. डावखुरे आहात का? दाढी रोज करता की आठवड्यानं? डोकंही भादरता का? हात मोठा आहे का? रोज दाढी करणाऱ्याला हलकं 5/8 पुरतं. आठवड्याच्या खुंटांना 6/8 चं जड पातं लागतं. डोकं भादरणाऱ्याला चौकोनी टोक कधीच देऊ नका. मोठ्या हाताच्या माणसाला पातं नव्हे, शेपूट लांब हवं असतं. हे समजून घेतल्यावर तुमच्याकडे 7/8 ची मागणी आली, तर पाठीसाठी 7 मिलिमीटरची पट्टी आधी शोधा, मग हो म्हणा.

सलूनवाल्यानं मागितला तर नकार द्या. हल्ली सलूनमध्ये वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात आणि गिऱ्हाईक बदललं की फेकतात, त्याला कारण आहे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि डेटॉलच्या वाटीत बुडवून पक्कं पातं निर्जंतुक होत नाही. घडवलेला वस्तरा एका माणसाचा. बापलेकांतही वेगळा.

घेणाऱ्याला सोबत कागद द्या आणि त्यावर दोन-तीनच गोष्टी लिहा. हे पोलाद गंजतं. दाढीनंतर पातं पुसून, कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि पावसाळ्यात ते न्हाणीघरात ठेवू नये. तुरटी फिरवलेल्या ओल्या हातानं पातं धरू नये, तुरटी आम्लधर्मी असल्यानं रात्रीत काळे डाग पडतात. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो. आणि तीन-चार महिन्यांनी ओढायला लागला तर पातं बाद झालेलं नसतं. 8000 च्या दगडावरून पुढे नेऊन पुन्हा पट्टा मारला की तो चालू लागतो. हे काम सुरुवातीला तुम्हीच करून द्या, कारण परत आलेल्या पात्यावर पाठ कुठे जास्त झिजली आहे ते दिसतं, आणि पुढच्या पात्याची पाठ सरळ घासताना तेवढी एकच माहिती उपयोगी पडते.